घर घेता-विकताना वकिलाची फी आणि बाकीचा खर्च: पुण्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फ्लॅट बघायला माणूस बाणेरपासून हडपसरपर्यंत दहा चकरा मारतो, गच्चीत उभा राहून टेकडी दिसते का तेही बघतो. खर्चाचा आकडा मात्र एजंट तोंडी सांगेल तो धरून चालतो. मग रजिस्ट्रेशनच्या आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज येतो: ‘सगळं मिळून इतके’. त्या ‘सगळं मिळून’मध्ये सरकारचे किती, वकिलाचे किती आणि कुणाच्याच नावावर नसलेले किती, हे वेगळं करून बघता यावं म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत. दर पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका हद्दीतल्या निवासी मिळकती डोळ्यासमोर ठेवून दिले आहेत. तुमची मिळकत ग्रामपंचायत हद्दीत असेल तर मुद्रांकाचा दर वेगळा असू शकतो, तो आधी तपासा.

वकिलाची फी आणि रजिस्ट्रेशनचा खर्च एकच ना?

नाही. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

पैसे तीन ठिकाणी जातात. पहिलं ठिकाण सरकार: मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, दस्त हाताळणी शुल्क. दुसरं वकील: कागद तपासणं, सर्च रिपोर्ट (मिळकतीचे जुने दस्त शोधून दिलेला अहवाल), मसुदा, रजिस्ट्रेशनच्या दिवशी हजर राहणं. तिसरं ठिकाण म्हणजे वकिलामार्फत पण इतरांना दिलेले पैसे: वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, जुन्या दस्तांच्या नकला, झेरॉक्स, डेटा एंट्री, नोटरी.

कोथरूडमधला ८० लाखांचा रीसेल फ्लॅट घेतलात असं समजा. मुद्रांक शुल्क ७ टक्क्यांनी ५ लाख ६० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण तिला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे, म्हणून ३० हजार. सरकारचेच ५ लाख ९० हजार झाले. यापुढे वकिलाची फी आणि तिसऱ्या ठिकाणचा खर्च मिळूनही सहसा या रकमेच्या छोट्या तुकड्याएवढेच भरतात. गंमत अशी की लोक घासाघीस करतात ती नेमकी या तुकड्यावर, आणि मोठी रक्कम पावती न बघता कुणाच्याही खात्यात टाकतात.

७ टक्के कसे? मी तर ५ ऐकले होते.

मूळ मुद्रांक शुल्क ५ टक्केच आहे. त्यावर स्थानिक संस्थेचा १ टक्का आणि मेट्रोचा १ टक्का अधिभार.

घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते. वरच्या उदाहरणात ८० हजार वाचले. पण नवरा-बायको दोघांच्या नावावर दस्त केला की सवलत गेली. आधी या सवलतीला अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही. ती २०२३ मध्ये काढली. तरी ८० हजारांसाठी नाव ठरवू नका. कर्ज कुणाच्या पगारावर आहे, घरात उद्या वारसाहक्काचा प्रश्न कसा येईल, हे आधी बोला.

आणखी एक. शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या दरांच्या) मूल्यावर, जे जास्त असेल त्यावर लागतं. जुन्या इमारतीत तळमजल्याचा अंधारा फ्लॅट स्वस्तात मिळाला म्हणून मुद्रांकही स्वस्तात पडेल असं नाही.

पुण्यात सॉलिसिटर लागतो का?

सॉलिसिटरांची पेढी ही मुंबईची परंपरा. तिथे त्यांची वेगळी परीक्षाही आहे. पुण्यात हे काम दिवाणी आणि मिळकतीच्या कागदांचं काम करणारे वकील करतात. मुंबईच्या पेढीकडे जायला हरकत नाही, पण हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात कुठली नोंद कुठल्या पुस्तकात सापडेल हे इथल्याच माणसाला पटकन कळतं. पेढी शेवटी इथल्याच कुणाला तरी सर्चला पाठवते, आणि त्याचं बिल तुम्हाला लागतं.

वकील नेमणं सक्तीचं आहे का?

कायद्याने नाही. दस्त स्वतः लिहून, चलन स्वतः भरून, दोन साक्षीदार घेऊन तुम्ही नोंदणीला जाऊ शकता.

मात्र दस्त नोंदला गेला म्हणजे सरकारने तुमच्या मालकीची हमी दिली, हा समज सोडून द्या. समोरचा खरोखर मालक आहे का, त्याच्या बहिणींनी हक्क सोडला आहे का, जमिनीवर कुणाचा दावा चालू आहे का, हे शोधणं खरेदीदाराचं काम. नोंदणी कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसलेले लोक टायपिंग आणि डेटा एंट्री चोख करतात. टायटल, म्हणजे मालकीहक्क, तपासणं हे त्यांचं काम नव्हे आणि ते तसा दावाही करत नाहीत.

बँकेच्या वकिलाने कागद तपासलेत, बिल्डरचा टायटल रिपोर्ट महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) साइटवर आहे. मग आणखी पैसे कशाला?

बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेचा. बँकेने दिलेलं कर्ज सुरक्षित आहे का, एवढं तो बघतो. तुम्ही घरातून घातलेले २० लाख त्याच्या विचारात नसतात. त्याची फी बँक ‘लीगल आणि टेक्निकल’ या नावाने तुमच्याकडूनच घेते, पण अहवाल अनेकदा तुम्हाला दाखवतही नाही. मागून बघा, दिला तर तुमच्या वकिलाचं काम थोडं हलकं होईल.

बिल्डरचा रिपोर्ट बिल्डरने नेमलेल्या वकिलाचा. तो खोटा असतो असं नाही, पण त्यात शेवटी ‘खालील बाबी वगळता’ असा एक परिच्छेद असतो. तो परिच्छेद तुमच्या बाजूने वाचणारा कुणी तरी पाहिजे. मोठ्या, महारेरा नोंदणीकृत प्रकल्पात पहिल्या खरेदीला पूर्ण सर्चऐवजी फक्त रिपोर्ट आणि करारनामा वाचून घेतलात तरी माझ्या मते पुरे. रीसेलमध्ये मात्र सर्चवर काटकसर करू नका.

फी ठरते कशी?

दरपत्रक नाही. सरकारने किंवा बार कौन्सिलने ठरवलेला आकडाही नाही. कुणी ठोक रक्कम सांगतो, कुणी टप्प्यांप्रमाणे, कुणी व्यवहाराच्या टक्केवारीने. टक्केवारी मला पटत नाही: एक कोटीच्या फ्लॅटचा सातबारा वाचायला पन्नास लाखांच्या फ्लॅटच्या दुप्पट वेळ लागत नाही. किंमत वाढली की जबाबदारी वाढते हे खरं, पण काम वाढतं ते कागदांच्या गुंत्यामुळे.

हा गुंता पुण्यात जागेनुसार बदलतो. नोंदणीकृत सोसायटीतला, एकदाच विकला गेलेला फ्लॅट सगळ्यात सोपा. पेठांमधली वाड्याची जागा किंवा वाडा पाडून बांधलेल्या इमारतीतला फ्लॅट असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, तीन पिढ्यांचे वारस लावा, हक्कसोडपत्रं शोधा, जुन्या भाडेकरूंचं काय झालं ते बघा. १९६१ च्या पानशेत पुरानंतर पूरग्रस्तांना वसवण्यासाठी शासनाने दिलेल्या जमिनींवरच्या सोसायट्यांत विक्रीआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि शासनाला भरायच्या अधिमूल्याचा प्रश्न येऊ शकतो. तिथे नुसतं सोसायटीचं पत्र बघून विसार देणं धोक्याचं. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलेलं दिसलं की थांबा.

२०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांत, आणि त्यांच्याही पलीकडे, एक-दोन गुंठ्यांचे व्यवहार चालतात. तिथे तुकडेबंदी कायदा (जमिनीचे लहान तुकडे पाडण्यावरची बंदी), गुंठेवारी (गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट), बिनशेती परवाना आणि सामाईक सातबाऱ्यावरची वीस-वीस नावं हे सगळं एका फाइलमध्ये असतं. या फाइलला वकील जास्त फी सांगत असेल तर त्याचं बरोबर आहे. ‘नोटरी करून देतो, वकिलाची गरज नाही’ असं कुणी म्हटलं तर ती जागा घेऊच नका. नोटरी केलेल्या कागदाने जमिनीची मालकी येत नाही.

फी ठरवताना काय विचारून घ्यावं?

लेखी घ्या. ई-मेल किंवा साधा मेसेजही चालतो. सर्च किती वर्षांचा (साधारण ३० वर्षांचा करतात), लेखी रिपोर्ट मिळणार का, मसुदा किती वेळा दुरुस्त करून मिळेल, रजिस्ट्रेशनला वकील स्वतः येणार की कारकून, आणि नकला-नोटिशींचा खर्च फीत धरलाय की वेगळा. साठेखत (विक्रीचा करार) आणि खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त) असे दोन दस्त होणार असतील तर फी दोन्हींची मिळून आहे का, हेही. यातला शेवटचा प्रश्न लोक विसरतात आणि सहा महिन्यांनी दुसरं बिल आलं की चिडतात.

फीच्या बाहेरचे खर्च कोणते लागतात?

सर्चचं सरकारी चलन. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो, पण जुन्या वर्षांसाठी माणूस पाठवून पुस्तकं बघावी लागतात. मागच्या सगळ्या दस्तांच्या प्रती आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश). डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, म्हणून त्याच्या नावाखाली पाचशेची ओळ दिसली तर विचारा. गहाणाच्या नोंदीसाठी सेरसाय या केंद्रीय नोंदवहीतला शोध. जाहीर नोटीस. तिचा खर्च वर्तमानपत्र आणि आकारावर, आणि मजकूर जितका लांब तितका जास्त. साध्या प्रतिज्ञापत्र-हमीपत्रासाठी पूर्वी १०० रुपयांचा स्टँप चालायचा. ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक ठिकाणी ५०० रुपये लागतात.

घरातले आजी-आजोबा दस्तावर सही करणारे असतील आणि त्यांना हलवता येत नसेल, तर दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करू शकतात. त्याची वेगळी सरकारी फी आहे आणि तिची पावती मिळते.

बिलात ‘ऑफिस खर्च’ अशी ओळ आहे. ती कशाची?

हाच प्रश्न वकिलाला विचारा, आणि उत्तर देताना तो तुमच्याकडे बघतोय की खिडकीबाहेर, तेही बघा.

स्वतःच्या कचेरीतली छपाई, झेरॉक्स, कारकुनाच्या फेऱ्या असा अर्थ असेल तर ठीक. तसं लिहून द्यायला सांगा. ‘तिथे द्यावे लागतात’ असं उत्तर आलं तर ते पैसे देऊ नका. कागद पूर्ण आणि मुद्रांक बरोबर असेल तर दस्त नोंदवायला पावतीबाहेर एक रुपयाही लागत नाही. कुणी अडवलं तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. ‘पाचशे-हजारासाठी कुठे वाद घालायचा’ या विचारावरच ती ओळ टिकून आहे.

मुद्रांकाचे पैसे वकिलाच्या खात्यात द्यावेत का?

शक्यतो नाही. ग्रास या सरकारच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवर ई-चलन तुमच्या नावाने, तुमच्या बँक खात्यातून भरता येतं. वकिलाच्या कार्यालयाने माहिती भरून द्यावी, पैसे तुम्ही भरावेत. चलनावरची नावं, मिळकतीचं वर्णन आणि रक्कम भरण्याआधी दोनदा वाचा. नाव चुकलं तर दुरुस्तीत दिवस जातात. नोंदणी झाल्यावर ते चलन वापरलं गेल्याची नोंद होते, ती प्रत फाइलला लावा.

वकिलाकडे खर्चासाठी आगाऊ रक्कम ठेवलीत तर तिचा हिशोब ठेवणं बार कौन्सिलच्या नियमांनी त्याच्यावर बंधनकारक आहे. मागायला संकोच नको.

वकिलाने फीवर १८ टक्के जीएसटी लावलाय. बरोबर आहे?

तुम्ही व्यवसाय म्हणून नव्हे, स्वतःसाठी घर घेत असाल तर वकिलाच्या किंवा वकिलांच्या भागीदारी पेढीच्या सेवेवर जीएसटी माफ आहे. खरेदी कंपनीच्या किंवा व्यवसायाच्या नावाने असेल तर नियम वेगळा: तिथेही कर वकील गोळा करत नाही, लागू असेल तर सेवा घेणाऱ्याने थेट भरायचा असतो. वकील नसलेली ‘डॉक्युमेंटेशन’ सेवा देणारी संस्था असेल तर तिला ही माफी नाही, ती जीएसटी लावू शकते. म्हणजे आपण नक्की कुणाला काम दिलंय ते बिलावरून कळतं.

खर्च कुणी करायचा, घेणाऱ्याने की विकणाऱ्याने?

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळं ठरलं नसेल तर घेणाऱ्याची. वकील ज्याचा त्याचा, फीही ज्याची त्याची. ‘एकच वकील करू, अर्धे-अर्धे वाटून घेऊ’ ही सूचना बहुतेक वेळा एजंटकडून येते. ओळखीतला, सरळ व्यवहार असेल तर लोक करतात. पण विसार परत करायचा की नाही असा प्रश्न उभा राहिला तर तो वकील कुणाच्या बाजूने बोलणार? घेणाऱ्याने तरी आपला वेगळाच ठेवावा.

सोसायटीच्या हस्तांतर शुल्कावर खरी ओढाताण होते. महापालिका क्षेत्रात सोसायटीला हस्तांतराचं अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार रुपये घेता येतं. शिवाय आदर्श उपविधींप्रमाणे ५०० रुपये हस्तांतर फी आणि १०० रुपये प्रवेश फी. ‘इमारत निधीला देणगी’ म्हणून लाखभर मागणं नियमात बसत नाही, कमिटीवर कितीही सज्जन मंडळी असली तरी. हे पैसे कोण भरणार ते साठेखतात एका ओळीत लिहून टाका.

बिल्डरने करारात ‘लीगल चार्जेस’ लावलेत, आणि माझा वकीलही आहे. दोन्हीकडे द्यायचे?

दुर्दैवाने हो. रेराच्या नमुना करारातच सोसायटी किंवा अपार्टमेंट स्थापनेचा, अभिहस्तांतरणाच्या (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करण्याच्या) कागदांचा आणि बिल्डरच्या वकिलाचा त्यासंबंधीचा खर्च खरेदीदारांकडून घेण्याची तरतूद आहे. मात्र ही रक्कम कशासाठी ते विचारा, आणि सोसायटी झाल्यावर हिशोब मागा. करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, त्यामुळे मसुदा वाचून घ्यायला तुम्हाला वेळ असतो. ‘आजच सही करा, ऑफर उद्या संपते’ हे विक्री विभागाचं वाक्य आहे, कायद्याचं नव्हे.

टीडीएस हा आणखी एक खर्च का?

खर्च नाही, विक्रेत्याच्या पैशातून कापायचा कर आहे. किंमत किंवा मुद्रांकासाठीचं मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का कापून सरकारात भरायचा. ८० लाखांच्या फ्लॅटला विक्रेत्याला ७९ लाख २० हजार द्यायचे, ८० हजार त्याच्या पॅनवर भरायचे. विसरलात तर व्याज आणि विलंब शुल्क तुमच्या माथी येतं. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्का लागू नाही; तिथे दर बराच जास्त असतो, आणि सीएला विचारल्याशिवाय एकही चेक देऊ नका.

मी विकतोय. माझा काय खर्च?

तुलनेने कमी. कर्ज चालू असेल तर ते फेडल्याचं पत्र आणि मूळ कागद. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई. सोसायटीची आणि मिळकतकराची थकबाकी चुकती करा.

विक्रीसाठी दिलेली वकिलाची फी आणि दलाली भांडवली नफा काढताना वजा करता येते, पण त्यासाठी पावती आणि बँकेतून दिल्याचा पुरावा लागतो. घेणाऱ्यालाही जुन्या करप्रणालीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फीची वजावट दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत मिळते. विसार मात्र रोखीत २० हजार किंवा त्याहून जास्त घेऊ नका. घेतलेल्या रकमेएवढाच दंड रोख स्वीकारणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, होऊ शकतो.

व्यवहार मोडला. फी परत मिळेल?

झालेल्या कामाची नाही. सर्च झाला, मसुदा झाला, तर तेवढी फी द्यावी लागते. वकिलाने दाखवलेल्या दोषामुळेच तुम्ही मागे फिरला असाल तर त्या पैशांबद्दल हळहळू नका. न वापरलेल्या मुद्रांकाच्या परताव्यासाठी सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, थोडी कपात होते. म्हणून रजिस्ट्रेशनची तारीख पक्की होईपर्यंत चलन भरण्याची घाई नको. सह्या झाल्यावर नोंदणीला चार महिने असतात.

फीवरून वाद झाला आणि वकील मूळ कागद देत नाही. काय करू?

फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे. आधी लेखी मागणी करा. नाही दिले तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक मंचात जाण्याचा रस्ता मात्र मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाला.

तुमचीही फी खरंच बाकी असेल तर ती देऊन टाका.

मुलगा अमेरिकेत आहे, त्याचं नाव दस्तावर हवं. खर्च वाढेल का?

कुलमुखत्यारपत्राचा वाढेल. ते तिथे भारतीय वकिलातीत किंवा ॲपोस्टिल (तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का) करून घ्यायचं आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. मसुदा इथल्या वकिलाकडून करून मगच पाठवा. तिकडे इंटरनेटवरून उतरवलेला नमुना इथे नोंदणीच्या टेबलावर अडला की कुरियर, वकिलातीची अपॉइंटमेंट, सगळं पुन्हा.

रजिस्ट्रेशन झालं. आता तरी खर्च संपला?

जवळपास. कर्ज असेल तर मूळ कागद बँकेत ठेवल्याची नोटीस ऑफ इंटिमेशन ३० दिवसांत दाखल करायची असते, तिची फी वेगळी. गहाणाच्या कागदावर स्वतंत्र मुद्रांक लागतो, बँक तो आधीच कापून घेते का ते मंजुरीपत्रात बघा. सोसायटीचा भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) नावावर करून घ्या. मिळकतकराला नाव लावण्यासाठी महापालिकेत इंडेक्स टूची प्रत द्यायची. जमीन किंवा बंगला असेल तर सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर फेरफार झाला का, ते महिन्या-दोन महिन्यांनी स्वतः बघा. ही कामं वकील करणार असं ठरलं असेल तर शेवटच्या टप्प्याची फी तोपर्यंत राखून ठेवा. वीजबिलावरचं नाव महावितरणच्या संकेतस्थळावरून तुमचं तुम्हालाही बदलता येतं.